डिझेल मोटारीचा जोर कोठे हरवतो?

लाख-दीड लाख किलोमीटर धावलेली डिझेल मोटार सपाट रस्त्यावर सहसा कुरकुर करीत नाही. घाट लागला आणि पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये पार होणाऱ्या चढावर दुसरा गिअर टाकावा लागला, की ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार सुरू होते. फियाटने विकसित केलेल्या आणि भारतात रांजणगाव व मानेसर येथे तयार झालेल्या १२४८ घनसेंटिमीटरच्या मल्टिजेट इंजिनाचे उदाहरण येथे सोयीचे आहे, कारण स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा निरनिराळ्या मोटारींत ते बसवले गेले आणि त्यांपैकी पुष्कळ मोटारी आता उतारवयात आहेत.

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो; सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन इतकी तापते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. किती डिझेल नीट जळेल हे हवेवर ठरते, आणि ती अधिक मिळावी म्हणून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून हवा आत लोटणारा टर्बो जोडलेला असतो. म्हणून जोर घटला की हवा कमी पडते की डिझेल, हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे निम्मे उत्तर सायलेन्सरजवळ मिळते. चढावर काळा धूर येत असेल, तर बहुधा हवा अपुरी आहे (इंजेक्टर थेंब गाळत असला तरीही असा धूर येतो). धूर न येता गाडी नुसतीच मंदावत असेल, तर डिझेलचा मार्ग आधी पाहावा.

हवेच्या मार्गात एअर फिल्टर पाहण्यास वेळ लागत नाही. खरी मेख टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत, आणि तेथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळ्यांत असते. उष्णतेने आणि तेलकट वाफांनी त्या चिरतात. इंजिन नुसते चालू असताना चीर मिटलेली राहते आणि भार आला की उघडते, त्यामुळे गॅरेजात उभ्या गाडीत काहीच सापडत नाही. हवेचे मोजमाप करणारा सेन्सर टर्बोच्या अलीकडे असल्याने निसटलेली हवाही हिशेबात धरली जाते, तितके डिझेल सोडले जाते आणि धूर काळा होतो. स्कॅनरवर अशा वेळी दाब कमी असल्याचा पी०२९९ हा संकेत उमटतो आणि घाईने टर्बोच बदलला जातो. वास्तविक तो संकेत परिणाम नोंदवतो, कारण नव्हे. चिरेभोवतीचा तेलाचा ओलावा आणि चढावर ऐकू येणारी फुसफुस या खुणा अधिक विश्वासार्ह आहेत. नळ्या शाबूत असतील, तर धुराचा काही भाग पुन्हा आत घेणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला आहे का हे पाहावे, आणि त्यानंतरच टर्बोकडे वळावे.

डिझेलच्या बाजूस प्रथम फिल्टर बदलावा. तरीही उणीव राहिली, तर स्कॅनर लावून गाडी चढावर चालवावी आणि कॉमन रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब यांची तुलना करावी. प्रत्यक्ष दाब मागे पडत असेल, तर चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडतात. जी बाटली इतरांहून लवकर भरते, तिचा इंजेक्टर आतून गळत असतो. फेरे वाढूनही वेग वाढत नसेल, तर मात्र दोष इंजिनाचा नसून झिजलेल्या क्लचप्लेटचा असतो.

सिलिंडरची झीज दाखवणारी कॉम्प्रेशनची तपासणी शेवटी ठेवतात, कारण तिच्यासाठी ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात आणि झिजलेले इंजिन थंडीत सकाळी सुरू होतानाच आधी कुरकुरते; पहिल्याच प्रयत्नात सुरू होणाऱ्या गाडीत ही शंका सहसा फोल ठरते.