युद्ध संपल्यावर जन्मलेली युद्धनौका
जव्हारकडे साग म्हटलं की दारं-चौकटी आठवतात. त्याच जातीच्या, मलबारातून आणलेल्या लाकडाची ‘एचएमएस त्रिंकोमाली’ वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधली. १८१७ साली ती पाण्यात उतरली, पण नेपोलियनशी चाललेलं युद्ध १८१५ मध्येच आटोपलं होतं! मग इंग्लंडला नेऊन पंचवीसेक वर्षं नुसती बांधून ठेवली.

एवढ्या काळात ती कुजली कशी नाही? सागातल्या तेलामुळे बुरशी, कीड लवकर लागत नाही. शिवाय ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागात ती कटकट नाही.

पुढे तोफा कमी करून तिला गस्तीवर धाडलं, आधी कॅरिबियन, मग पॅसिफिक. म्हातारपणी तर ती मुलांची प्रशिक्षण-नौका झाली, थेट १९८६ पर्यंत. आज ती हार्टलपूलला तरंगतेय, बरंचसं मूळ लाकूड अजून शाबूत.