उद्यांचें भोजन आज

उद्यांचा डबा आजच रांधून ठेवणें ही सोय खरी. परंतु तींत हयगय झाल्यास ती प्रकृतीस बाधते. ग्रीस देशांतील एका पाकाचें उदाहरण घेऊं. तेथें कोंबडीच्या मांसास ऑलिव्हचें तेल, लिंबाचा रस, लसूण व ओरेगानो नांवाची सुगंधी वनस्पती चोळून तें भाजतात. सोबत भाज्या व कडधान्यें असल्यास हें भोजन हलकें व पौष्टिक होतें.

कित्येकांस वाटतें कीं, लिंबू व तेल लावलें म्हणजे मांस टिकतें. हा भ्रम होय. त्यांनीं केवळ चव येते. कच्च्या कोंबडींत साल्मोनेलासारखे रोगजंतु असूं शकतात. यास्तव मांसाचा गाभा ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. शिजलेलें मांसही उबेंत राहिल्यास नासतें. म्हणून तें उथळ भांड्यांत पसरून दोन तासांच्या आंत शीतकपाटांत, ४ अंशांवर किंवा त्याखालीं, ठेवावें. तीन-चार दिवसांत संपवावें. आणि खाण्यापूर्वीं पुनः चांगलें कढत करावें. शीतकपाट नसल्यास ताजें रांधणेंच श्रेयस्कर.

विद्यार्थ्यांनो, घरीं डबा भरणाऱ्या मातेचे श्रम वांचावेत, अशी आम्हां सर्वांचीच इच्छा. पण वांचलेल्या श्रमाचें मोल आजारानें फेडण्याची पाळी कोणावरही न येवो.