घर बांधणारे हात

दौंड हे भीमा नदीच्या काठचे मोठे रेल्वे जंक्शन आहे. मनमाडकडून येणारा लोहमार्ग येथे पुणे-सोलापूर मार्गास मिळतो. या भागातील जुने घर पाहिले, तर त्याचे जोते चांगले उंच आढळते. पावसाचे पाणी आत शिरू नये, विंचूकाट्याचे भय नसावे, म्हणून पूर्वजांनी तसे केले आणि ते शहाणपणाचेच होते. दोन-तीन पायऱ्या चढाव्या, उंबरठा ओलांडावा, की आपण माजघरात! या पायऱ्यांची आपणांस आठवणही राहत नाही. परंतु ज्याचे पाय निकामी झाले आहेत, जो चाकाच्या खुर्चीवरून वावरतो, त्याला तेच घर एखाद्या किल्ल्यासारखे दुर्गम होते. कोणी उचलून नेईल तेव्हाच त्याचा आत प्रवेश.

यावरील उपाय मात्र अवघड नाही. पायऱ्यांच्या शेजारी उतार बांधावा. तो किती लांब असावा, याचा हिशेब ठरलेला आहे: एक फूट उंचीस निदान बारा फूट लांबी. म्हणजे जोते दीड फूट उंच असेल, तर उतार अठरा फूट हवा. याहून तो उभा केला, तर खुर्ची वर ढकलताना हात भरून येतात आणि खाली येताना ती आवरत नाही. दरवाजा सुमारे तीन फूट रुंद असावा. खुर्ची वळवण्यास पाच फूट मोकळी जागा लागते. घर बांधतानाच हे सारे केले, तर खर्च फारसा वाढत नाही; पुढे भिंत फोडून करावयाचे म्हटले, की तोच खर्च डोईजड होतो.

हे आकडे कोणासही पाठ करता येतील. तथापि दाराची कडी किती उंचीवर हाताला येते, न्हाणीघरात आधाराची दांडी कोणत्या बाजूस हवी, ओल्या फरशीवर चाक कोठे घसरते, हे खुर्चीवर दिवस काढणारालाच नेमके ठाऊक असते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांस हा अनुभव होता. तरुण वयातच त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्यांनी १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली आणि पुढे कोल्हापूरजवळ उचगाव येथे अपंग मुलांसाठी ‘घरौंदा’ हे वसतिगृह उभारले. इमारत कशी हवी, हे येथे खुर्चीवर बसणाऱ्यांनीच सांगितले. २०१६ च्या दिव्यांगांविषयीच्या कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम असाव्यात असे बंधन घातले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

घर कसे असावे हे सांगणे निराळे आणि वीट रचणे निराळे, असे कोणी म्हणेल. त्याने चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा गाठावे. बाबा आमटे आणि साधनाताई १९५१ मध्ये तेथील खडकाळ, काटेरी माळावर राहावयास गेले. बरोबर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. या जागेला त्यांनी आनंदवन हे नाव दिले. प्रथम पाणी हवे, म्हणून त्यांनी स्वतः विहीर खणली. मग झोपड्या, मग दवाखाना. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक येथे आले आणि रुग्णांच्या खांद्यास खांदा लावून बांधकामास लागले. ज्यांच्या सावलीसही गावकरी उभे राहत नसत, त्यांच्याबरोबर हे परके लोक दगडमाती वाहत होते!

या कामातील खरी अडचण समजून घेतली पाहिजे. कुष्ठरोगात हातापायांचे मज्जातंतू बिघडतात आणि कातडी बधिर होते. आपल्या हाताला चटका बसला, की आपण तो झटकन मागे घेतो. या रुग्णांना वेदनाच कळत नाही. म्हणून फावड्याच्या दांड्याने फोड आला, तो फुटला, चिघळला, तरी हात चालूच राहतो. बोटे झडतात ती अशा जखमांची हेळसांड होऊन. औषधाने रोग पूर्ण बरा होतो. गेलेली बोटे मात्र परत येत नाहीत. यासाठी हत्यारांच्या मुठी जाड कापडाने गुंडाळाव्या लागतात आणि काम संपल्यावर हात डोळ्यांनी तपासावे लागतात. वेदनेचे काम डोळ्यांनी करावयाचे! अशा हातांनी आनंदवन उभे राहिले. १९६४ मध्ये तेथे आनंद निकेतन महाविद्यालय निघाले आणि भोवतालच्या गावांतील निरोगी मुले तेथे शिकावयास येऊ लागली.

राहत्या घरांचा प्रश्न पैशाचा होता. लाकूड महाग, लोखंडी सळ्या त्याहून महाग. आनंदवनाने पुढे कमानदार छताची घरे बांधली. ही रीत मुळात इजिप्तच्या दक्षिणेकडील न्यूबिया प्रदेशातील. हसन फाथी या इजिप्शियन वास्तुशिल्पज्ञाने १९४० च्या दशकात तिचे पुनरुज्जीवन केले. तिचे मर्म असे: खोलीची मागची भिंत उंच करतात आणि तिला टेकवून विटांची पहिली कमान किंचित तिरपी रचतात. दुसरी कमान पहिलीवर रेलते, तिसरी दुसरीवर. प्रत्येक कमान मागचीच्या आधाराने उभी राहत असल्यामुळे, गवंडी ज्याला सेंट्रिंग म्हणतात तो फळ्या-बल्ल्यांचा टेकू लागतच नाही. छताचा भार कमानीतून दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतो. म्हणून त्या भिंती जाड ठेवतात. जाड भिंती व उंच कमान यांमुळे वैदर्भी उन्हाळ्यातही आत गारवा राहतो. छताला तुळई नाही, सळई नाही. वीट, माती आणि मेहनत एवढ्यावरच घर पुरे होते.