फुटबॉलपटूचं आत्मचरित्र कसं वाचावं, कसं जोखावं

आपल्याकडे दिवाळीत अंकांची रास लागते, तशी इंग्लंडात नाताळच्या तोंडावर खेळाडूंच्या आत्मचरित्रांची लागते. त्यात फुटबॉलपटू आघाडीवर असतात. ही पुस्तकं आता नाशिकलाही घरबसल्या मागवता येतात, आणि चॅम्पियन्स लीगसाठी रात्री दीड वाजता उठून बसणारी मुलं ती मागवतातही. त्यांतलंच कोणी मग पुरवणीसाठी किंवा वाचक मंडळासाठी परीक्षण लिहायला बसतं आणि लिहितं ते असं: जन्म, गरिबी, पहिला करार, दुखापत, पुनरागमन, चषक. हा झाला सारांश. परीक्षणाची सुरुवात त्याच्या पुढे होते.

या पुस्तकांत ‘मी’ म्हणणारा माणूस एकटा नसतो. खेळाडू बोलतो, दुसराच कोणी ते लिहून काढतो, प्रकाशकाचा वकील त्यातलं काही खोडतो आणि एखादं वर्तमानपत्र त्यातला झणझणीत तुकडा आधीच छापून मोकळं होतं. कुठली ओळ कोणाची, याचा अंदाज घेत वाचलं तर पुस्तक उलगडतं.

आधी वय, मग शब्दांकन

पहिलं काम अगदी साधं. प्रकाशनाचं साल पाहायचं आणि त्यातून खेळाडूचं जन्मसाल वजा करायचं. वेन रूनीचा जन्म १९८५ चा, पहिलं आत्मचरित्र २००६ चं. म्हणजे विशीतल्या मुलाचं पुस्तक, आणि तेही पाच पुस्तकांच्या करारातलं पहिलं. अशा पुस्तकाकडून आयुष्याचा हिशेब मागण्यात अर्थ नाही. मागायचा तर ताजेपणा मागावा: गल्लीतला खेळ, क्लबातले पहिले दिवस, अचानक हातात आलेला पैसा. निवृत्तीनंतर लिहिलेल्या पुस्तकाची तऱ्हा वेगळी. तिथे क्लबची भीती उरलेली नसते, मात्र स्वतःची मूर्ती घडवण्याची हौस वाढलेली असते.

दुसरं काम शब्दांकन कोणाचं ते शोधणं. नाव कधी मुखपृष्ठावर असतं, कधी आतल्या पानावर बारीक अक्षरांत, तर कधी फक्त आभारांत. झ्लाटान इब्राहिमोविचचं २०११ चं स्वीडिश आत्मचरित्र डेव्हिड लागरक्रान्त्स या कादंबरीकाराने लिहिलं. झ्लाटानच्या तोंडची वाक्यं जशीच्या तशी उतरवली नाहीत, त्याची गोष्ट आणि त्याचा आवाज पकडायचा प्रयत्न केला, असं त्यांनीच पुढे सांगितलं. त्यामुळे त्यातलं एखादं चमकदार वाक्य उचलून ‘झ्लाटान म्हणतो’ असं ठोकून देण्याआधी परीक्षकाने जरा थांबावं.

हा फरक किती महाग पडू शकतो ते रॉय कीनच्या पुस्तकाने दाखवलं. एप्रिल २००१ मध्ये मँचेस्टरच्या दोन क्लबांमधल्या सामन्यात कीनने आल्फ-इंगे हालांडला धोकादायक रीतीने पाडलं. पुढच्या वर्षी आलेल्या आत्मचरित्रात, ते पाडणं म्हणजे हालांडशी असलेला जुना हिशेब चुकता करणं होतं, अशा अर्थाचा मजकूर होता. इंग्लिश फुटबॉल संघटनेने त्या मजकुरावरून चौकशी लावली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये कीनला पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंडांचा दंड ठोठावला. शब्दांकन करणारे इमॉन डन्फी यांनी चौकशीत सांगितलं, की ते शब्द आपले होते. तरी शिक्षा खेळाडूलाच झाली, कारण मुखपृष्ठावर नाव त्याचं. कीनने २०१४ मध्ये दुसरं आत्मचरित्र केलं ते रॉडी डॉयल या कादंबरीकाराबरोबर. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, की एकाच माणसाचे दोन स्वर ऐकू येतात. लेखक बदलला की ‘मी’सुद्धा थोडा बदलतो.

सामना तपासून पाहा

फुटबॉलच्या पुस्तकात एक सोय आहे, जी इतर आत्मचरित्रांत सहसा नसते. सामन्याची तारीख, गोलसंख्या, कोण कितव्या मिनिटाला बाहेर गेला, हे सगळं नोंदलेलं असतं. खेळाडूने रंगवून सांगितलेले तीन-चार सामने निवडावेत आणि नोंदींशी ताडून पाहावेत. एखादी तारीख चुकली म्हणून लगेच खोटेपणाचा शिक्का मारू नये. शेकडो सामने खेळलेल्या माणसाच्या डोक्यात दोन संध्याकाळी एकमेकींत मिसळतातच. मात्र चुका दरवेळी त्याच्याच फायद्याच्या असतील, तर ते परीक्षणात लिहावं.

दुसरी पद्धत अधिक मजेची: त्याच सामन्यावरचं प्रतिस्पर्ध्याचं पुस्तक वाचायचं. २२ जून १९८६ ला मेक्सिकोतल्या विश्वचषकात अर्जेंटिनाने इंग्लंडला २-१ असं हरवलं. पहिला गोल मॅराडोनाच्या हाताचा. मॅराडोनाने तो दिवस २००० च्या आत्मचरित्रात सांगितला आणि २०१६ मध्ये त्या विश्वचषकावर वेगळं पुस्तकही केलं. इंग्लंडचा गोलरक्षक पीटर शिल्टन यानेही आत्मचरित्र लिहिलं आहे. चेंडू एकच, पण एकासाठी ती आयुष्यभर मिरवायची गंमत आणि दुसऱ्यासाठी आयुष्यभर न मिटलेली तक्रार.

आपल्या फुटबॉलला तर ही तपासणी फारच हवी, कारण इथे दंतकथा भरपूर आहेत. भारत १९५० च्या विश्वचषकाला गेला नाही, कारण अनवाणी खेळायला परवानगी नव्हती, असं आपण लहानपणापासून ऐकतो. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू खरोखरच अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले, त्यामुळे ही गोष्ट पटतेही चटकन. पण त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे ते कारण नाकारलं. संघटनेला तेव्हा ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाचं मोल वाटत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. कुठल्याही जुन्या खेळाडूच्या आठवणीत ही अनवाणी कथा आली, की तो स्वतः पाहिलेलं सांगतो आहे की ऐकीव, एवढं विचारायचं.

काय गाळलं आहे?

अजून खेळत असलेला खेळाडू मोकळेपणाने का लिहीत नाही, याचं उत्तर १९८७ मध्ये मिळालं. पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक हाराल्ड शूमाखर याने आत्मचरित्रात उत्तेजक औषधांबद्दल लिहिलं. त्यापायी राष्ट्रीय संघातली जागा गेली आणि कोलोन क्लबही सुटला. रूनीच्या पुस्तकाने वेगळी किंमत मोजली. त्यात एव्हर्टनचे प्रशिक्षक डेव्हिड मोयेस यांच्यावर खासगी बोलणं वृत्तपत्रापर्यंत पोचवल्याचा आरोप होता. मोयेस कोर्टात गेले आणि २००८ मध्ये प्रकरण माफी व नुकसानभरपाईवर मिटलं. हे दोन प्रसंग माहीत असले, की पुस्तकातली गुळमुळीत वाक्यं ओळखू येतात. सगळे प्रशिक्षक ‘महान’, सगळे सहकारी ‘भावासारखे’ झाले, की तिथे क्लब किंवा वकील बोलतो आहे असं समजावं.

याच्या उलट, कबुलीची पुस्तकं. आर्सेनलचा कर्णधार टोनी अॅडम्स याने १९९८ मध्ये दारूच्या व्यसनावर सविस्तर लिहिलं, तेव्हा तो खेळत होता. कबुली खरी की विक्रीपुरती, हे ताडायला एक कसोटी लावता येते: ती सांगून लेखकाला काय सोसावं लागणार होतं, आणि नंतर तो कसा वागला? अॅडम्सने २००० मध्ये व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी उपचारसंस्था काढली.

विनोदाने बोलणारं मौनही असतं. इंग्लिश खेळाडू लेन शॅकलटनने १९५५ च्या आत्मचरित्रात क्लबच्या संचालकांना फुटबॉल किती कळतं, यावर एक प्रकरण ठेवलं. शीर्षकाखालचं पान कोरं!

मधल्या फळीतली पुस्तकं

सर्वांत मोठ्या खेळाडूचं पुस्तक सर्वांत चांगलं असतं, हा समज आधी सोडायला हवा. विश्वचषकाचा अंतिम सामना आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. न पाहिलेलं असतं ते रोजचं काम: सकाळचा सराव, राखीव बाकावरची कुढ, संघाची यादी लागल्यावर मित्राबद्दल वाटलेला मत्सर, करार संपत आल्यावर घराच्या हप्त्याची चिंता. हे सांगायला मधल्या दर्जाचा खेळाडू बरा. कीनचं शब्दांकन करणारे तेच इमॉन डन्फी स्वतः खेळाडू होते. मिलवॉल क्लबातल्या १९७३-७४ च्या हंगामाची त्यांची रोजनिशी १९७६ मध्ये छापली गेली. हंगाम सुरू होताना ते संघात आहेत, आणि काही महिन्यांत संघाबाहेर. त्यात चषक नाही, तरी या प्रकारातलं ते अव्वल पुस्तक मानलं जातं. गॅरी नेल्सनचं १९९५ चं पुस्तकही असंच, उतरत्या वयातल्या साध्या खेळाडूचं.

प्रत्यक्ष लिहिताना

पुरवणीत सहाशे-सातशे शब्द मिळतात. त्यांतले शंभर खेळाडूच्या ओळखीला पुरे. क्लब, करारबदली, दलाल यांची पद्धत वाचकाला एकेका वाक्यात सांगावी. ऑफसाइड समजावत बसू नये. शब्दांकनकाराचं नाव आणि दर्जा यावर दोन वाक्यं हवीतच. इटलीचा खेळाडू पिर्लो याच्या पुस्तकासारखं मूळ इटालियन पुस्तक आपण इंग्रजीतून वाचलं असेल, तर अनुवादकाचं नावही द्यावं. तिथे खेळाडू, शब्दांकनकार आणि अनुवादक अशा तीन हातांतून मजकूर आलेला असतो. म्हणून ‘शैली’बद्दल बेतानेच बोलावं. वर्तमानपत्रांनी गाजवलेला उतारा पुस्तकात किती पानं व्यापतो तेही सांगावं. बहुधा दीड-दोनच.

उरलेली जागा एका प्रश्नाला द्यावी: या माणसावाचून दुसऱ्या कोणाला सांगता आलं नसतं असं यात काय आहे? नाशिकच्या वाचकाला यासाठी मोजपट्टी बाहेरून आणायला नको. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म इथून जवळच्या जलालपूरचा. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात भागाभागांनी आली. स्वतःची फजिती हसत सांगणं आणि नवऱ्याचे गुणदोष एकाच सुरात मांडणं, हे त्यात आहे. लाखो पौंड कमावणारा खेळाडू स्वतःवर एकदा तरी हसतो का, हे त्या पट्टीने बघावं. सार्वजनिक वाचनालय इथे १८४० पासून आहे. चांगलं आत्मचरित्र कसं असतं, हे या गावाला नव्याने शिकवावं लागत नाही.

हीच पद्धत उलटी धरली, की शब्दांकनाची प्रश्नावली तयार होते, आणि तिची गरज महाराष्ट्रातच आहे. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर ईर्ष्येने भिडतात. तिथला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पाटाकडील किंवा दिलबहार तालमीच्या एखाद्या जुन्या खेळाडूसमोर वही घेऊन बसणाऱ्याने गोल किती केले हे शेवटी विचारावं. आधी विचारावं: बूट कोणी घेऊन दिले, नोकरी कशी लागली, दुखापतीचा खर्च कोणी केला, आणि पेठ बदलून दुसऱ्या संघाकडून खेळल्यावर गल्लीत कोण बोलायचं बंद झालं?