कुंचल्याने लिहिलेली अरबी : चीनची ‘सिनी’ शैली

अरबी सुलेखन म्हटले की इराण, तुर्कस्तान, इजिप्त ही नावे सहज आठवतात. चीन आठवत नाही. वास्तविक चीनमधील मुस्लिमांनी अनेक शतकांच्या अवधीत अरबी अक्षरांना चिनी वळण दिले आणि त्यातून एक स्वतंत्र शैली घडवली. तिला ‘सिनी’ म्हणतात. अरबीत ‘सीन’ म्हणजे चीन. तेव्हा सिनी म्हणजे चिनी, एवढाच त्या नावाचा अर्थ.

दोन्ही परंपरांत सुलेखनाला कलांमध्ये मानाचे स्थान आहे. मात्र दोन्हींची हत्यारे परस्परविरोधी आहेत. अरबी लेखक ‘कलम’ वापरतो. आपल्याकडे मोडी ज्याने लिहीत, तो बोरूच हा. त्याचे टोक तिरके तासलेले असते. त्यामुळे रेषेची जाडी हाताच्या दाबापेक्षा टोकाच्या कोनावर ठरते. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुकलाने अक्षरांची प्रमाणे बांधून दिली, असे परंपरा मानते. बोरूच्या टोकाने उमटणारा चौकोनी ठिपका हे त्या मापाचे एकक. कागदही घोटून गुळगुळीत केलेला असतो. चिनी कुंचला नेमका याच्या उलट. तो केसांचा आणि मऊ असतो. दाब वाढला की रेषा फुगते, हात उचलला की निमुळती होते. कागद शाई तत्काळ शोषून घेतो. खाडाखोडीला वाव नाही.

हा कुंचला अरबी अक्षरावर चालू लागला तेव्हा मोजमापाची शिस्त सैलावली. सिनी अक्षरांत रेषा जाड सुरू होते आणि लांबत लांबत टोकदार शेपटीत विरते. कोरडा पडत चाललेला कुंचला मध्येच पांढरे पट्टे सोडतो, तेही दोष मानले जात नाहीत. मांडणीही बदलली. अरबी मजकूर आडव्या ओळीत, जोडाक्षरांसारखा गुंफून लिहिला जातो. चिनी भिंतीवर मात्र उभी गुंडाळी टांगण्याची चाल. म्हणून शब्द एकमेकांवर रचणे, चौकोनात वा वर्तुळात बसवणे आले.

असे का घडले? समुद्रमार्गे आलेले अरब व इराणी व्यापारी चीनच्या बंदरांत स्थायिक झाले. च्वानचौ येथील मशिदीवरचा अरबी शिलालेख तिची स्थापना हिजरी ४०० मधील, म्हणजे इसवी सन १००९-१० च्या सुमाराची असल्याचे सांगतो. मंगोलांच्या युआन काळात पश्चिमेकडून आणखी मुस्लिम आले. पुढे मिंग राजवटीत (१३६८ ते १६४४) हा समाज भाषेने आणि वेशाने चिनी होत गेला. धर्मग्रंथाची लिपी तेवढी अरबी राहिली. अरबी लिहिणारा हातच आता चिनी वळणाचा झाला होता. शिआनची मोठी मशीद याच काळातली. चिनी छपरे, मनोऱ्याच्या जागी बहुमजली मंडप आणि भिंतींवर अरबी.

मिंग सम्राट झेंगदे (१५०६ ते १५२१) याच्या कारकिर्दीतील निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या वस्तूंवर अरबी व फारसी मजकूर आढळतो. त्यांतील एक वस्तू फार बोलकी आहे. पाच शिखरांच्या डोंगराच्या आकाराचा हा कुंचला टेकवण्याचा स्टँड. त्यावर फारसीत ‘खामादान’, म्हणजे कलमदान, असे लिहिले आहे. या वस्तू दरबारातील मुस्लिम खोजांसाठी घडल्या की सम्राटाच्या आवडीखातर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

सिनी शैली आज जगाला ठाऊक आहे ती मुख्यतः हाजी नूर दीन यांच्यामुळे. १९६३ मध्ये शांतुंग प्रांतात जन्मलेल्या या सुलेखनकाराने १९९७ मध्ये इजिप्तमधील अरबी सुलेखनाचे प्रमाणपत्र मिळवले. असा मान मिळवणारे ते पहिले चिनी मानले जातात. दुरून पाहता चिनी अक्षर वाटावे आणि जवळ जाताच ती अरबी प्रार्थना निघावी, अशा त्यांच्या काही कृती आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांची ‘या रहीम’ ही गुंडाळी आहे.

परदेशी संग्रहालयांत हा सन्मान होत असताना चीनमध्ये मात्र चित्र निराळे आहे. धर्माच्या ‘चिनीकरणा’चे सरकारी धोरण अवलंबले गेले आणि २०१९ मध्ये बीजिंगमधील हलाल उपाहारगृहांना पाट्यांवरील अरबी अक्षरे काढण्यास सांगण्यात आले. अनेक मशिदींचे घुमट उतरवून तेथे चिनी छपरे बसवण्यात आली. चिनीकरण हेच उद्दिष्ट असेल, तर अरबी अक्षराने ते कित्येक शतकांपूर्वीच स्वखुशीने स्वीकारले होते, याकडे प्रशासनाचे लक्ष गेलेले दिसत नाही. घुमट पुन्हा बांधता येतो. हाताचे वळण लहानपणापासून गिरवल्याखेरीज येत नाही. आणि अरबी गिरवण्याची पारंपरिक जागा म्हणजे मशिदीतील शाळा. गान्सू प्रांतातील मुस्लिमबहुल लिनश्या येथे २०१८ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना या धार्मिक शिक्षणाची बंदी झाल्याचे वृत्त आले होते.