रोहितचे नातेवाईक

मुलांनो, कोल्हापूरच्या रंकाळा किंवा कळंबा तलावाच्या काठी थोडा वेळ उभे राहा. पाण्यावर एक लहानसा तपकिरी पक्षी तरंगताना दिसेल. तुम्ही त्याला नीट पाहणार, तोच तो बुडी मारील आणि भलतीकडेच वर येईल. ही टिबुकली. हिचा एक आप्त फार नामांकित आहे. पण तो हिच्यासारखा मुळीच दिसत नाही!

तो आप्त म्हणजे रोहित, अर्थात फ्लेमिंगो. उंची चार-पाच फूट, पाय काठीसारखे, रंग गुलाबी. खाडीच्या उथळ पाण्यात तो वाकडी चोच उलटी बुडवतो आणि चिखलपाणी गाळून बारीक जीव खातो. त्याचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो. मुंबईजवळच्या ठाणे खाडीत रोहित हजारोंनी येतात. तेथे २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाले.

पण रोहितचे खानदान कोणते? काही शास्त्रज्ञ म्हणाले, "पाय लांब, मान लांब, हा करकोच्याचा भाऊ." (करकोचा म्हणजे तुमच्या उर्दूतला लकलक.) दुसरे म्हणाले, "बोटांमधला पडदा पाहा, हा बदकाचा भाऊ." शिवाय रोहितच्या पिसांतल्या उवा बदकांच्या उवांसारख्याच होत्या! हसू नका. उवा बहुधा आईबापांकडून पिलांकडे जातात, म्हणून हा पुरावा महत्त्वाचा होता. १८६७ साली हक्सले यांनी रोहितला बदके आणि करकोचे यांच्या मधे, वेगळ्या गटात बसवले. वाद मात्र मिटला नाही.

२००१ साली डीएनए तपासल्यावर रोहितची सर्वांत जवळची नातलग निघाली टिबुकली! प्रथम अनेकांना हे पटेना. मग हाडे आणि अंडी पुन्हा तपासली गेली. दोघांच्याही अंड्यांवर खडूसारखा थर असतो, याकडे आता लक्ष गेले. २००६ साली उवांचे कोडेही सुटले. रोहित आणि टिबुकली यांच्या उवा एकाच पूर्वजाकडून वारशाने आलेल्या. बदकांना त्या रोहितकडून लागलेल्या!

आज दोघांचे गण वेगळेच मानतात, पण शेजारी शेजारी ठेवतात. प्राचीन काळी त्यांचा पूर्वज एक होता. पुढे एकाचे वंशज उथळ पाण्यात चालू लागले, दुसऱ्याचे खोल पाण्यात बुड्या मारू लागले.

रंकाळ्यावर गेलात, तर टिबुकली बुडाल्याबरोबर आकडे मोजा आणि ती कोठे वर येते, ते आधीच सांगून पाहा.