मला लस चालेल का?

आमच्या घरात कोळंबी आली की माझ्यासाठी वेगळी भाजी होते. चिपळूणचं मासेखाऊ घर आणि त्यात ही एक न खाणारी. बारावीच्या सुट्टीत कोळंबीचं कालवण खाल्लं आणि अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागायला लागला. बाबांनी रिक्षातून दवाखाना गाठला, तिथे इंजेक्शन दिलं आणि पहाटेपर्यंत सगळं उतरलं. तेव्हापासून काहीही नवीन ताटात आलं की आई आधी विचारते, "तुला चालेल ना गं?"

२१ जून २०२१पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी मोफत लसीकरण सुरू झालं. आमच्या ग्रुपवर स्लॉट मिळाल्याचे स्क्रीनशॉट पडायला लागले, आणि आईचा तो प्रश्न मी पहिल्यांदा स्वतःला विचारला. राहते मी पुण्यात. कोविशिल्ड बनवणारी सीरम इथलीच, कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वेगळा करणारी एनआयव्हीही इथलीच. सगळं हाकेच्या अंतरावर आणि मी आपली रात्री दोन वाजता गुगल करत बसलेली.

ग्रुपवर भीतभीत विचारलं, तर काय! एकीला लहानपणापासून दमा, म्हणून घरचे नको म्हणतायत. एकीच्या पीसीओएसच्या गोळ्या चालू. एकाला थॅलेसेमिया मायनर, म्हणून त्याने परस्पर ठरवून टाकलं की 'ब्लडवाल्यांना' चालत नाही. एकजण एप्रिलअखेरीस पॉझिटिव्ह येऊन गेलेला. डॉक्टरांना यातल्या कुणीच विचारलेलं नव्हतं. मीही नाही.

इंटर्नशिपचा एक फायदा असतो, सरकारी कागद वाचायला वेळ मिळतो. (स्टायपेंड मिळत नाही, पण तो वेगळा विषय.) लसीकरण सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, १४ जानेवारीला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना एक पत्र पाठवलं होतं. लस कुणाला द्यायची नाही, कुणी थांबायचं आणि कुणाला जपून द्यायची, हे त्यात आहे. मला वाटलं होतं पानंच्या पानं असतील. पण 'द्यायची नाही' हा भाग अगदी छोटा निघाला. आधीच्या डोसनंतर गंभीर ॲलर्जी आलेले लोक, आणि कुठल्याही लसीची, इंजेक्शनची, औषधाची किंवा अन्नपदार्थाची तशी रिॲक्शन येऊन गेलेले लोक. गर्भवती आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयाही तेव्हा त्यात होत्या. त्यातल्या पाजणाऱ्या आयांना १९ मे रोजी परवानगी मिळाली, आणि गर्भवतींना २ जुलै २०२१ला. माझ्या वहिनीला सातवा लागलाय. ती बातमी आली त्या संध्याकाळी तिने आमच्या आधी स्लॉट शोधायला घेतला.

इथे 'तशी रिॲक्शन' म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. धुळीने शिंका येणं किंवा उन्हात पुरळ उठणं हे त्यात येत नाही. ॲनाफिलॅक्सिस म्हणजे काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत सगळं शरीर बंड करतं. चेहरा सुजतो, घसा आवळतो, बीपी पडतं आणि ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात ते मुख्यतः यासाठीच. अशी रिॲक्शन बहुतेक वेळा लगेच येते, आणि लगेच उपचार झाले तर आटोक्यात येते.

त्याच पत्रात उलटी यादीही आहे, कोणत्या कारणांनी लस नाकारायची नाही याची. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, चयापचयाचे जुने आजार, पूर्वी होऊन गेलेला कोविड, कमी झालेली प्रतिकारशक्ती, एचआयव्ही. म्हणजे दमा, डायबेटिस, थायरॉइड यातलं काहीच आडवं येत नाही. पीसीओएसच्या गोळ्याही 'द्यायची नाही'च्या यादीत कुठेच नाहीत. उलट यातल्या काही आजारांत कोविडच जास्त त्रास देतो. १ मार्चला साठीपुढच्यांबरोबर ४५ वरच्या आजारी लोकांना पुढे बोलावलं होतं ते त्यासाठीच.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना लस का चालते, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर लसीच्या बनावटीत आहे. गोवरासारख्या काही लसींत कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो, त्यामुळे अशा लोकांत तिथे जपावं लागतं. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू आहे. कोविशिल्डमध्ये चिंपांझीचा सर्दीचा विषाणू आहे, पण त्याची शरीरात वाढ होऊ शकत नाही. दोन्हींतून कोविड होणार नाही. स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असेल तर लसीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून वेळ डॉक्टरांना विचारून ठरवायची.

मग इतका गोंधळ आला कुठून? थोडा कंपन्यांकडूनच. जानेवारीत भारत बायोटेकने माहितीपत्रक काढलं. ताप, ॲलर्जी, रक्त पातळ करणारी औषधं, कमी प्रतिकारशक्ती यांपैकी काही असेल तर कोव्हॅक्सिन घेऊ नका, असं त्यात होतं. सीरमच्या पत्रकात अशा बऱ्याच गोष्टींपुढे 'आधी सांगा' असं होतं. 'घेऊ नका' आणि 'सांगून घ्या' यात किती फरक आहे! पण व्हॉट्सॲपवर दोन्ही फिरले ते 'घेऊ नका' होऊनच.

थॅलेसेमिया मायनरवाल्या मित्राचंही तेच झालं. जपून द्या असं पत्रात आहे ते रक्त न थांबण्याच्या आजारांबद्दल, उदाहरणार्थ हिमोफिलिया. तिथेही बंदी नाही. बारीक सुई वापरायची आणि टोचल्यावर न चोळता जागा बराच वेळ दाबून धरायची. थॅलेसेमिया मायनर हा रक्तस्रावाचा आजारच नाही. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग मी जानेवारीपासून उगाच टेन्शन घेतोय?" हो, घेतोयस.

पाळीच्या मेसेजबद्दल थोडं रागावूनच लिहिते. पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर मुलींनी लस घेऊ नये, हा मेसेज एप्रिलमध्ये फिरला. पीआयबी फॅक्ट चेकने तो लगेच खोटा ठरवला. तरी आमच्या इमारतीतल्या काकू मागच्या आठवड्यात मला तोच समजावत होत्या. हिशेब करून बघा. पाळीचे दिवस आणि दोन्हीकडचे पाच-पाच दिवस धरले तर महिन्याचे अर्धे दिवस गेले. स्लॉट मिळायची मारामार असताना कुणीतरी मुलींचा अर्धा महिना असा सहज काढून घेतं, आणि आपण तो मेसेज पुढे पाठवतो.

काहींनी मात्र २०२१च्या त्या नियमांनुसार खरंच थांबायचं होतं. कोविड झाला असेल तर बरं झाल्यापासून तीन महिने. पहिल्या डोसनंतर पॉझिटिव्ह आलात तरी तेच, दुसरा डोस तीन महिन्यांनी. दुसऱ्या गंभीर आजारासाठी ॲडमिट होता, तर चार ते आठ आठवडे. ताप अंगात असेल तर तो उतरू द्या. रक्तदान तेव्हा लसीनंतर १४ दिवसांनी चालायचं. आधी २८ दिवस होते, मे २०२१मध्ये कमी केले. अकरावी-बारावीच्या अठरा न झालेल्या मंडळींसाठी जुलै २०२१मध्ये लस खुली नव्हती.

आणि रक्ताच्या गाठी? भीती खोटी नाही, पण आकडा बघा. मंत्रालयाने १७ मे रोजी दिलेल्या माहितीनुसार, भारतात कोविशिल्डच्या दहा लाख डोसमागे ०.६१ इतक्या घटना नोंदल्या गेल्या. ब्रिटनमध्ये हे प्रमाण तेव्हा चार आणि जर्मनीत दहा होतं. ब्रिटनने २०२१मध्ये चाळिशीच्या आतल्यांना शक्य तिथे दुसरी लस द्यायचं ठरवलं होतं, तेही खरं. लस घेतल्यावर वीस दिवसांत धाप, छातीत दुखणं, पाय सुजणं, न थांबणारी डोकेदुखी किंवा धूसर दिसणं, असं काही झालं तर अंगावर काढू नका, दवाखाना गाठा.

राहिले मी. पत्रात 'अन्नपदार्थ' हा शब्द आहे, म्हणजे मी नको असलेल्या बाजूला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत मात्र अन्नाची ॲलर्जी आडवी येत नाही. ॲलर्जी लसीतल्या एखाद्या घटकाची असेल तर घेऊ नये, असं तिथे आहे. घराजवळच्या केंद्रावर मी कोळंबीची गोष्ट सांगितली. सिस्टर म्हणाल्या, "इथे नको, आधी डॉक्टरांचं पत्र आण." तेव्हा वाईट वाटलं, पण बरोबरच होतं त्यांचं. न सांगता घेता आली असती, हा विचार डोक्यात येऊन गेला, हेही कबूल करते.

डॉक्टरांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. त्यानंतर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस? हो. काही झालं? नाही. अँटिबायोटिक? आइस्क्रीम? मी हसले. पण कोविशिल्डमध्ये पॉलिसॉर्बेट ८० असतं, आणि तेच कित्येक आइस्क्रीममध्येही असतं. कोळंबीचं काही लसीत नसतं. त्यांनी पत्र लिहिलं आणि आयसीयू असलेल्या हॉस्पिटलमध्येच घे म्हणाले. हा निर्णय माझी फाइल बघून माझ्यापुरता झालाय. तुम्हाला अशी रिॲक्शन आली असेल तर तुमची फाइल तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

गेल्या मंगळवारी घेतली. माझ्यासाठी अर्ध्याचा एक तास केला होता. आई चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर, दर पाच मिनिटांनी "ओठ दाखव" म्हणत होती. शेजारचे काका घाबरून उठून दुसऱ्या खुर्चीवर गेले. रात्री ताप आला, हात दुखला, क्रोसिन घेऊन झोपले. दुसरा डोस ८४ दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, त्याच हॉस्पिटलमध्ये.

दमावाल्या मैत्रिणीचा स्लॉट या गुरुवारी आहे. इन्हेलर पिशवीत टाकलाय, आणि सोबत मला नेतेय.